लाइट गेल्याशिवाय

माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीला लोळता येतं. त्यात काय येण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. पण मला ते येत नाही आणि तिला येतं, म्हणून गेली चार वर्षं मी मनातल्या मनात तिच्यावर जळत आले आहे. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार आहे, तिला गाडी चालवता येते, कुणाशीही पहिल्या पाच मिनिटांत ती हसून बोलू शकते. यातल्या कशाचा मला कधी हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो तिच्या रविवारचा.

रविवारी ती साडेनऊला उठते. चहा करते, बाल्कनीत उभी राहून पिते आणि परत जाऊन झोपते. उठून परत झोपणारं माणूस मी तोपर्यंत फक्त आजारपणात पाहिलं होतं. झोपण्याआधी ती स्वयंपाकघरात येते, पोह्यांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवते आणि झाकण लावते. तो डबा तिने एवढ्यासाठीच रिकामा ठेवला आहे. मी नवीन राहायला आले तेव्हा तो डबा भुंग्यासारखा गुणगुणायला लागला आणि मी धावत तिच्या खोलीत गेले.

"अगं, तुझा फोन वाजतोय!"

"वाजू दे," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "डबा आहे ना ऐकायला."

दुपारी ती जेवते, पुस्तक घेऊन आडवी होते, दोन पानं वाचते, पुस्तक छातीवर पडतं. संध्याकाळी उठते तेव्हा तिचा चेहरा असा दिसतो, की जणू कुणीतरी तिला धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं आहे. मी तोपर्यंत आठवड्याचे कपडे इस्त्री केलेले असतात, डाळी निवडलेल्या असतात, कंपनीचा एखादा ऑनलाइन कोर्स पुढे सरकवलेला असतो आणि माझ्या डोळ्यांखाली जे काही असतं ते तसंच असतं.

ती पुण्याची. आईवडील दोघंही कॉलेजात शिकवायचे. जेवण झालं की तिचे बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपायचे, आणि त्या वेळात कुणी भांडं जरी वाजवलं तरी घरात दटावणी व्हायची. हे ती सहज सांगते. कुणाला वारशाने शेत मिळतं, कुणाला घर. तिला आळस मिळाला, चांगला भरपूर, आणि तो कसा वापरायचा हेही तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या घरी पिठाची गिरण होती, अजूनही आहे. निपाणीच्या बाजूला, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलणारं आमचं गाव. पुढे गिरण आणि मागे दोन खोल्या. आई गिरण चालवायची, आप्पा तिला मदत करायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या शेतातली मोटार दुरुस्त करायचे. आमच्या घरात आराम करणं कुणाच्या हातात नव्हतं. ते वीज मंडळाच्या हातात होतं. लाइट असेपर्यंत गिरण चालायची आणि गिरण चालेपर्यंत सगळे चालायचे. मग मध्येच पट्ट्याचा आवाज जड व्हायचा, हळू व्हायचा आणि थांबायचा. आई वर बल्बकडे बघायची, म्हणायची, "गेली." लोक आपले डबे रांगेत ठेवून निघून जायचे. आई रिकामं पोतं झटकून गिरणीशेजारीच अंथरायची आणि आडवी व्हायची. आप्पा उंबऱ्यात टेकायचे. आम्ही दोघी बहिणी आईच्या दोन्ही अंगाला. आईच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ असायचं आणि गिरणीच्या दगडाला अजून ऊब असायची. अभ्यास कर, भांडी घास, असं तेव्हा कुणी कुणाला म्हणत नसे. लाइट गेल्यावर सगळ्यांना सगळं माफ होतं.

आणि बल्ब लागला, की डोळा उघडायच्या आधी आई उभी.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. गावातल्या मराठी शाळेत शिकले, बेळगावला इंजिनिअरिंग केलं, मग बंगळूर. महादेवपुऱ्यातल्या ज्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, तिने मला घेतलं हे मला उपकारासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं. आमच्या टीममध्ये रविवारी एकाला लॅपटॉप उघडून हजर राहावं लागतं, कुठे काही बंद पडलं तर बघायला. पाळी ठरलेली असते. पण कुणाचं लग्न, कुणाची सहल, कुणाचं लहान मूल असलं, की मी म्हणायचे, मी बघते. "तू आहेस ना, मग टेन्शन नाही," आमचा टीम लीड म्हणायचा, आणि तेवढ्या वाक्यावर माझा अख्खा दिवस चांगला जायचा. इथे लाइट जात नाही. गेलीच तर दहा आकडे मोजेपर्यंत तळमजल्यावरचा जनरेटर सुरू होतो. म्हणजे माझी गिरण कधी थांबतच नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं.

मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं. वर्षानुवर्षं धान्याचे डबे उचलून तिची गर्भपिशवी खाली सरकली होती. किती वर्षं ती तशीच दळत होती, कोण जाणे; तिने सांगितलंच नाही. बहिणीने सांगितलं तेव्हा मी आईला इथे आणलं. कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावं होती. त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड पुढे करताना मला जे वाटलं, त्यासाठी तरी मी शिकले होते असं वाटलं.

डिस्चार्ज देताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. सहा आठवडे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, दुपारी पडायचंच. "टाके आत आहेत, दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी विश्रांती घेतली नाही तर परत खाली येईल आणि परत टेबलावर घ्यावं लागेल. दुसऱ्यांदा सोपं नसतं."

मी मनावर घेतलं. मी सगळंच मनावर घेते. घरी आल्यावर लॅपटॉपवर एक तक्ता केला, खालच्या दुकानातून छापून आणला आणि फ्रिजवर लावला. आठ वाजता चहा आणि गोळी. नऊ ते साडेदहा विश्रांती. दोन वाजता गोळी, मग साडेतीनपर्यंत विश्रांती. साडेपाच ते सहा हॉलमध्ये हळू चालणे. पुढे खूण करायला चौकोन होते. मैत्रिणीने तो तक्ता वाचला.

"काकूंना विश्रांतीचं टार्गेट दिलंयस," ती म्हणाली.

"हसू नकोस."

"हसत नाहीये गं. रिव्ह्यू कधी आहे तेवढं सांग."

आईने तो तक्ता तंतोतंत पाळला. दोन वाजले, की ती पलंगावर सरळ आडवी व्हायची, हात अंगाशी, डोळे छताला, एक्स-रे काढून घ्यायला झोपल्यासारखी. साडेतीनला उठून चौकोनात खूण करायची. मधल्या वेळात मी शेजारच्या टेबलावर काम करत असले, की ती मान वळवून माझ्याकडे बघत राहायची.

"झोप की, आई."

"झोपल्यालोच हाय की."

"डोळे मीट."

ती मिटायची. पापण्या थरथरायच्या.

आमच्याकडे भांडी-फरशीला एक अक्का येतात. त्यांच्याशी आईचं कानडीत मेतकूट जमलं, पण त्या यायच्या आत आई भांडी विसळून पालथी घालून ठेवायची. अक्का दारातच कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "सुम्ने कूत्कोळ्ळी अम्मा!" म्हणजे उगी बसा हो. मग माझ्याकडे वळून हिंदीत तक्रार, की हिला आवरा, नाहीतर माझं काम जाईल.

पहिला आठवडा मी घरून काम केलं, दुसऱ्या आठवड्यापासून मला ऑफिसला जाणं भाग होतं. मैत्रीण आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची, म्हणून तिला म्हटलं, जरा लक्ष ठेव. एका बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. चारच्या सुमाराला कुलूप उघडून आत आले तर हॉल रिकामा, पलंग रिकामा. मैत्रिणीच्या खोलीतून आवाज येत होता. दार अर्धं उघडं होतं. पडदे ओढलेले, पंखा फुल्ल, आणि पलंगावर त्या दोघी. आई एका कुशीवर, डोक्याखाली मैत्रिणीची फुलाफुलांची उशी. मैत्रीण उताणी, पाय भिंतीला लावून.

"मग काकू, दळण नसेल तेव्हा काय करायचात?"

"दळण न्हाई असं कधी हुतंय व्हय? लोक खायचं सोडत्यात काय?"

"मी असते तर वेडीच झाले असते."

"तू आसतीस तर तुला गिरणीत घेटलीच नसती मी. पिठातच झोपली आसतीस. लोकांनी भाकरीत केस काढलं आसतं तुझं."

मैत्रीण खिदळली. आईही हसली आणि पोटावर हात दाबून म्हणाली, "हसवू नको गं बाई, टाकं दुखत्यात." तेवढ्यात तिला जांभई आली. खरी, मोठी, तोंडावर हात न ठेवता दिलेली जांभई. मी तिला आणल्यापासून पाहिलेली पहिली.

मी दारात खांद्यावर बॅग घेऊन उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. आई आडवी पडली होती, हसत होती, तिला झोप येत होती. डॉक्टरीणबाईंना हेच हवं होतं, मलाही हेच हवं होतं. पण मी जळले. इतके दिवस मी तिला झोपवू शकले नाही, आणि हिने पाय भिंतीला लावून, गप्पा मारत, काही न करता ते केलं. स्वतःचे रविवार तर तिच्याकडे होतेच, आता माझी आईपण.

"आई, दोनची गोळी घेतलीस?"

माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा आला. दोघी एकदम उठून बसल्या, चोरी सापडल्यासारख्या.

नंतर स्वयंपाकघरात मी मैत्रिणीला म्हणाले, "तिचं ऑपरेशन झालंय. तुझ्याशी टाइमपास करायला नाही आलेली ती."

"अगं, पडलीच होती ना ती? तुला तेच हवं होतं ना?"

"तुला सोपं आहे. तुला सवय आहे लहानपणापासून."

"कशाची?"

"काही न करण्याची."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "हो, आहे. आणि तुझ्या आईलाही एकाच दुपारी ती सवय लागत होती. आळशी म्हण मला, चालेल. पण काकूंवर का चिडतेस?"

त्या संध्याकाळी जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. आईला चहा देताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "तिच्या पलंगावर नको पडत जाऊ. महिना महिना चादर धूत नाही ती. टाके ताजे आहेत, काही लागण झाली म्हणजे?" आईने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि ती पुन्हा त्या खोलीत गेली नाही. मैत्रिणीने दोनदा हाक मारली. आई म्हणाली, "हितंच बरं हाय मला." पुन्हा तेच सरळ पडणं आणि छताकडे बघणं. चौकोनात खुणा मात्र नियमित होत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात, तिसऱ्या तपासणीला, डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि आईला विचारलं, "काय उचललंत?"

"काय न्हाई."

"खरं सांगा."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाण्याचा कॅन."

तो वीस लिटरचा कॅन. पाणीवाला तो दाराबाहेर ठेवून जातो. संध्याकाळी आल्यावर मी तो आत आणते आणि उचलून स्टँडवर पालथा घालते. आईने तो पायाने ढकलत आत आणला आणि उचलून बसवला. गिरणीत तिने त्याहून जड डबे उचलले होते. तिला ते उचलणं वाटलंच नाही.

आतल्या टाक्यांना ताण बसला होता, तिथे सूज होती. "अजून निसटलं नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अजून दोन आठवडे असंच चाललं तर मी काही सांगू शकत नाही. मला या बाई आडव्या हव्यात, बस."

रिक्षात मी आईशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले, आणि ओरडूनच बोलले. तुला दुसऱ्यांदा टेबलावर जायचंय का? मी काय कमी केलं? तक्ता केला, अक्का आहेत, सगळं हातात देते, तुला नुसतं पडायला काय होतं?

आई पलंगाच्या कडेवर बसली होती. माझं होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तू कधी पडतीस?"

"माझं काय? माझं ऑपरेशन नाही झालेलं."

"मी आल्यापास्नं तुला निवांत बसल्याली बघितली न्हाई. सकाळी लॅपटॉप, संध्याकाळी लॅपटॉप. रविवारीबी. घरातलं एक माणूस राबतंय आणि दुसऱ्यानं आडवं व्हायचं, असलं आपल्यात कधी झालंय? पाठ टेकली की मला तुझ्या बटणांचा आवाज येतोय. कुठली झोप लागतीया?" आणि मग हळूच, "ती पोरगी सोता लोळती, म्हणून तिच्याजवळ मला पडाय येत हुतं. तुझ्यासमोर न्हाई येत."

तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं होतं, आणि जी गोष्ट मैत्रिणीकडे घागर भरून होती, ती माझ्याकडे थेंबभरसुद्धा नव्हती. आईचे टाके धरायचे असतील तर मला लोळायला शिकावं लागणार होतं.

मी मैत्रिणीच्या खोलीत गेले आणि चादरीचं तिला सांगितलं. सांगताना माझे कान तापले.

तिने चादरीकडे पाहिलं. "नव्हतीच धुतली अगं," ती म्हणाली. "महिना झालाच असेल."

मग आम्ही दोघी हसलो, पण तिचे डोळे लगेच हसले नाहीत. ते मी पाहिलं आणि मला ते पाहायलाच हवं होतं.

शुक्रवारी मी टीम लीडला मेसेज लिहिला, की या रविवारी आणि पुढचे काही रविवार मी नसेन. चार ओळींचं कारण लिहिलं, आईचं ऑपरेशन, डॉक्टर काय म्हणाले, सोमवारी जास्त वेळ बसेन. मग मैत्रिणीला दाखवलं. तिने चारही ओळी काढून टाकल्या. "रविवारी मी नाही, एवढंच," ती म्हणाली. "स्पष्टीकरण दिलं की समोरच्याला वाटतं, वाटाघाट चालू आहे." मी डोळे मिटून पाठवलं. माझी नोकरी, विमा, बेळगावची ती चार वर्षं, सगळं त्या एका मेसेजवर टांगलेलं आहे असं वाटलं. दोन मिनिटांनी उत्तर आलं: "ओके. टेक केअर."

एवढंच. हे तर मला कधीही मिळू शकलं असतं. दिलेल्या त्या सगळ्या रविवारांची मला इतकी हळहळ वाटली, आणि ज्यांनी ते माझ्याकडून घेऊन लग्नांत, सहलींत घालवले त्यांचा इतका हेवा वाटला, की मी बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिले.

रविवार आला. जेवण झालं. हॉलमध्ये मी खाली चटई घातली आणि आईला म्हणाले, "चल, आज मीपण पडते." मी पडले. आई पलंगावर पडली. पंखा फिरत होता. एक मिनिट झालं असेल. मला आठवलं, दुधाला विरजण लावलेलं नाही. उठले, लावलं, आले. मग आठवलं, मशीनमध्ये कपडे आहेत. वाळत घालून आले तर आई उठून बसली होती आणि मांडीवर ताट घेऊन तांदळातले खडे बघत होती.

"तू उठलीस म्हणून उठलो," ती म्हणाली.

मी पुन्हा पडले. फ्रिज गुरगुरत होता. टेबलावर लॅपटॉपचा छोटा दिवा लुकलुकत होता, वायफायच्या डबीचे तीन दिवे हिरवे. सगळं चालू होतं. एवढं सगळं चालू असताना माणसाने पडायचं कसं? आई तिकडे ताटात बोट फिरवत होती. आतल्या खोलीत मैत्रीण गाढ झोपली होती, तिचा श्वास बाहेर ऐकू येत होता. आणि मला इतका राग आला, तिचा की माझा की त्या हिरव्या दिव्यांचा कोण जाणे. मी उठले, मुख्य दरवाजामागची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला.

फ्रिज थांबला. दिवे विझले. पंखा जडावला, हळू झाला, दोन फेरे स्वतःच्याच नादात फिरला आणि थांबला.

आईने मान वर करून पाहिलं. ताटातलं बोट थांबलं.

"गेली?"

"गेली," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

तिने ताट टेबलाखाली सरकवलं. पलंगावरून उठली आणि सावकाश, वाकायचं नाही म्हणून गुडघे दुमडत, माझा हात धरून चटईवर माझ्या शेजारी आली. एका कुशीवर झाली. डोळे मिटले, आणि या वेळी पापण्या थरथरल्या नाहीत.

"पड की तूबी," ती म्हणाली. "आल्यावर कळतंयच."

मी पडले. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याची घंटी वाजली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी मिक्सर लावला आणि तो चांगला मिनिटभर घरघरत राहिला. मी श्वास धरून आईकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं जनरेटर असंल," ती डोळे न उघडता म्हणाली.

थोड्या वेळाने तिचा हात माझ्या दंडावर पडला, जड, सैल, झोपलेल्या माणसाचा. मी छताकडे बघत होते. मला तिचाही हेवा वाटला, इतक्या पटकन गेली म्हणून. तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा बाल्कनीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. आई झोपलेलीच होती, तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम. मी पुन्हा पेटीकडे गेले. स्विच खालीच होता. बाल्कनीच्या दारात मैत्रीण जमिनीवर बसली होती, केस वर बांधलेले, मान घामाने ओली. फ्रिजवरचा माझा तक्ता काढून ती त्याने वारा घेत होती. तिने पंख्याविना किती वेळ काढला होता देव जाणे. तिला स्विच कुठे आहे ते माहीत होतं.

मी हात वर नेला. तिने मान हलवली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"येऊ दे सावकाश," ती कुजबुजली.

त्यानंतर जवळजवळ रोज दुपारी आमच्या घरातली लाइट जायला लागली. लीडला विचारून मी घरून काम करायची परवानगी घेतली. कामाचा दिवस असला तर एक तास, सुट्टी असली तर दोन. आईने एकदाही विचारलं नाही, की बंगळूरसारख्या शहरात हे काय चाललंय. अक्कांनी एकदा जिन्यातला दिवा चालू बघून तोंड उघडलं, तेव्हा आईच त्यांना कानडीत काहीतरी म्हणाली आणि त्या हसत निघून गेल्या. सहा आठवडे पुरे झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान धरलंय. काय केलंत?" आई म्हणाली, "काय न्हाई केलं." तिच्या तोंडून हे वाक्य अभिमानाने आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता ती गावी आहे. डबे आप्पा उचलतात, ती बसून पट्ट्याकडे आणि आप्पांकडे लक्ष ठेवते. मी रविवार कुणाला देत नाही. पण मला अजून मैत्रिणीसारखं जमत नाही. ती पंखा चालू, दिवा चालू, जग चालू असताना झोपू शकते. मला उठून पेटीपर्यंत जावं लागतं.

"अगं नुसतं पड ना," ती आतून ओरडते. "माझा पंखा कशाला बंद करतेस दर रविवारी?"

"तुला नाही समजायचं."

"माझं आइस्क्रीम वितळतंय!"

तिच्यावर मी अजून जळते. पण आता तिलाही माझ्यामुळे थोडं गरम होतं, एवढं समाधान आहे.

परवा आईचा फोन आला होता. मागे गिरणीचा आवाज नव्हता.

"हितं लाइट गेलीया सकाळपास्नं," ती म्हणाली. आवाज आडवा पडून बोलणाऱ्या माणसाचा होता. "तुमच्याकडं जाती का अजून?"

"जाते. रविवारी."

"बरं हाय," ती म्हणाली. "रविवारी तरी जायालाच पायजे."